सेडीबाईंच्या गाडीतला लाल दिवा

लॉकी गिलिसला गावात कुणी लॉकी गिलिस म्हणत नसे. केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावर गिलिस इतके, आणि त्यांच्यात लॉकी इतके, की नुसत्या नावाने कुणाचाच पत्ता लागला नसता. म्हणून एक होता लाल्या लॉकी, एक पोस्टवालीचा लॉकी, आणि हा वायरवाला लॉकी.

वडील खाणीत कोळसा फोडायचे. लॉकीही खाणीतच गेला, पण विजेच्या कामावर. जमिनीखाली दूरदूरपर्यंत, अगदी समुद्राच्या तळाखालीसुद्धा, जाड केबली पसरलेल्या असत. कुठे दगडाखाली चेपायच्या, कुठे ओल धरायच्या, आणि सगळं काम ठप्प व्हायचं. मग लॉकीला हाक जायची. टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात केबलवर हात ठेवून, बिघाड शोधत तो चालू लागे. घाई करत नसे. फोरमन मागून शिव्या घालायचा तेव्हा तो म्हणायचा, "पळत गेलो तर त्याच्या पुढे निघून जाईन ना."

एक दिवस खाण बंद झाली. अर्धं गाव पश्चिमेला अल्बर्टात कामाला गेलं. लॉकीनेही बॅग भरली होती, पण त्याची बायको केटी अॅन दारात उभी राहून म्हणाली, "तू जा हवं तर. मला सकाळी उठल्यावर समुद्र दिसला नाही तर चहा जात नाही." बॅग रिकामी झाली. घरामागच्या शेडमध्ये लॉकीने टेबल मांडलं आणि गाड्यांच्या वायरी दुरुस्त करायला लागला. त्या भागात ते काम कधी संपणारं नव्हतं. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीत जिथे तिथे शिरतं आणि तांब्याला हिरवं करून सोडतं. कुणाचा हॉर्न वळताना वाजायचा, कुणाचा वायपर उन्हात चालू व्हायचा. दुसरे गॅरेजवाले हात टेकायचे आणि म्हणायचे, वायरवाल्याकडे न्या.

त्या सप्टेंबरात सेडीबाई आल्या.

सेडी मॅकफी म्हणजे गावची नर्स. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी 'नर्सबाई' हे नाव सुटलं नव्हतं. खाडीपासून डोंगरामागच्या शेवटच्या घरापर्यंत सगळा मुलूख त्यांनी एकटीने सांभाळला होता. बाळंतपणं, जखमा, म्हाताऱ्यांची इंजेक्शनं, शेवटच्या आजारात उशाशी बसणं, सगळं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "विचारणारा होता एक. पण नेमकी त्याच दिवशी मला डोंगरापलीकडून हाक आली."

त्यांची स्टेशन वॅगनही गावाला तेवढीच ओळखीची होती. मूळ रंग निळा, पण आता कुठे निळा, कुठे तांबूस, कुठे नुसताच प्रायमर. लांबून तिचा आवाज आला की पूर्वी पोरं झाडावरून उतरून पळ काढायची, कारण ती गाडी बहुतेक सुई घेऊन येत असे.

गाडी शेडच्या दारात उभी करून सेडीबाई उतरल्या. ऐंशीला टेकलेल्या, पण पाठ ताठ, आणि डोक्याला रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधलेला.

"लॉकी, ही मला डोळे मिचकावते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ही! ब्रेकचा लाल दिवा. पेटतो, विझतो. वाटेल तेव्हा. वीस मैल काही नाही, आणि मग एकदम माझ्याकडे बघून लाल होतो."

"ब्रेक लागतात ना नीट?"

"ब्रेक लागले नसते तर मी तुझ्या शेडमधून आरपार गेले असते. काहीतरी अकलेचं विचार."

लॉकी हसला. "बरं, पेटतो कधी? उतारावर? वळणावर? पावसात?"

सेडीबाईंनी विचार केला. "रविवारी."

"रविवारी?"

"प्रार्थनेला जाताना हमखास. मंगळवारी दुकानात जाते तेव्हा कधीच नाही. फादरना सांगितलं तर म्हणाले, गाडीवर पवित्र पाणी शिंपडू का? मी म्हटलं, आधीच गंजलीय, तेवढं नका करू."

केटी अॅन चहाची किटली घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "लॉकी चर्चच्या जवळ गेला की त्याचाही चेहरा असाच लाल होतो."

हसणं ओसरल्यावर सेडीबाईंनी खरं काय ते सांगितलं. ऑक्टोबरात गाडीचं पासिंग होतं. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा पेटलेला दिसला तर कुणी गाडी पास करणार नव्हतं. आणि गाडी पास झाली नाही तर त्यांचा हॅलिफॅक्समधला भाचा ब्लेअर येऊन त्यांना घेऊन जाणार होता. तिथे त्याने वृद्धांच्या इमारतीत एक खोली बघून ठेवली होती. सेडीबाईंचं घर डोंगराच्या रस्त्याच्या पार टोकाला. गाडीशिवाय तिथे राहायचं म्हणजे बेटावर राहिल्यासारखंच.

"चांगली खोली आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "खाली बिंगोचा खेळही असतो."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की लॉकीने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ब्लेअरचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. दर नाताळला आत्याकडे यायचा, छपरावरचं बर्फ काढून द्यायचा.

"मिस्टर गिलिस, मी तुमचा गैरसमज होऊ देणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण इतकी जुनी गाडी... तुम्ही नुसतं म्हणालात, की आता हिच्यात काही राम नाही, तर आत्या ऐकेल. माझं ती ऐकत नाही. गेल्या हिवाळ्यात तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता. मी इथे झोपलो नाही."

लॉकी म्हणाला, "बघू दे मला आधी, काय आहे ते."

रात्री जेवताना त्याने केटी अॅनला सांगितलं. त्याच्या आवडीचा खारा मासा आणि बटाटे होते, तरी त्याचं लक्ष जेवणात नव्हतं.

"तो चुकीचं बोलत नाही," केटी अॅन म्हणाली. "बाईंना काही झालं तर कुणाला कळणार तिथे?"

"मग सांगू का, होत नाही म्हणून?"

"तसं मी कुठे म्हटलं?" ती उठून ताटं गोळा करायला लागली. "आपली मार्गारेट झाली तेव्हा बर्फ खिडकीपर्यंत आलं होतं. बर्फ काढणारा ट्रकसुद्धा फिरला होता परत. आणि ही बाई गाडी सोडून कुंपणाच्या तारेला धरून आली. तिला तू काय सांगणार, होत नाही म्हणून?"

लॉकीने कामाला सुरुवात केली. रविवारचं कोडं त्याला फार अवघड वाटलं नाही. चर्चच्या आधी एक लांब उतार आहे, त्याच्या तळाशी वळण. ब्रेक ऑइल थोडं कमी असेल तर उतारावर ते एका बाजूला जातं, भांड्यातला तरंगता खटका खाली बसतो आणि दिवा पेटतो. त्याने झाकण उघडून बघितलं. ऑइल खरंच थोडं खाली होतं. चाकं काढली, ब्रेकची पॅडं निम्मी उरली होती, पाइप कुठे गळत नव्हते. त्याने ऑइल भरलं, गाडी परत केली आणि केटी अॅनला म्हणाला, "झालं."

पुढच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर सेडीबाई चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लॉकी, लाल!"

तो आठवडाभर गाडी घेऊन हिंडला. चर्चचा उतार उतरला, चढला, पुन्हा उतरला. भर पावसात नेली, पहाटेच्या गारठ्यात नेली. मुद्दाम खड्ड्यांतून नेली. दिवा काही पेटला नाही. लोक आपापल्या अंगणातून बघायचे. लाल्या लॉकीने हाक मारली, "काय रे, पापं जास्त झाली का? रोज चर्चला?"

शेवटी लॉकीने गाडी परत नेली तेव्हा सेडीबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं.

"तुझ्यासमोर शहाण्यासारखी वागते म्हणतोस."

"हो."

"मग माझ्यासमोर बघ. उद्या सकाळी ये. माझ्या जुन्या रस्त्याने जाऊ. तिथे खडी आहे, खड्डे आहेत. गाडी मी चालवणार."

दुसऱ्या दिवशी लॉकी शेजारच्या सीटवर बसला. खरं सांगायचं तर त्याला दोन गोष्टी बघायच्या होत्या, गाडी आणि बाई. म्हातारीच्या हाताला कंप आहे का, वळणावर डोळे कमी पडतात का, हे तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. सेडीबाई सावकाश चालवत होत्या, पण नजर रस्त्याच्या पार पुढे होती. हरीण झाडीत असतानाच त्यांनी वेग कमी केला. लॉकीला ते रस्त्यावर आल्यावर दिसलं.

डांबर संपून खडी लागली आणि पहिल्याच खड्ड्याला दिवा पेटला.

"बघ!" सेडीबाईंना आनंदच झाला.

"बघितला. थांबवा जरा."

लॉकीने बॉनेट उघडून ऑइलच्या भांड्याची वायर काढून टाकली. "हा एकच दिवा दोघांच्या हाकेला ओ देतो, नर्सबाई. ऑइल कमी झालं तरी पेटतो आणि हँडब्रेक ओढलेला राहिला तरी पेटतो. आता एकाचं तोंड बंद केलं. चला."

थोडं पुढे गेल्यावर दिवा पुन्हा पेटला. लॉकीने सीटांच्या मधला हँडब्रेक उघडा केला आणि त्याच्या खटक्याचीही वायर काढून बाजूला ठेवली. "आता दोघेही गप्प. आता पेटला नाही तर दोष या खटक्यात."

पण पेटला. लॉकीने डोकं खाजवलं. त्याला एकदम खाणीत बिघाड शोधतानाचा जुना आनंद झाला. म्हणजे खटके चांगले होते. मधल्या वायरलाच कुठेतरी काहीतरी लागत होतं. पण कुठे, आणि तो एकटा असताना का नाही?

एव्हाना सेडीबाईंचं दिव्यावरून लक्ष उडालं होतं. ज्या रस्त्याने त्या उभा जन्म हिंडल्या होत्या तो रस्ता बोलायला लागला होता.

"इथे ॲलेक आणि ह्यूई राहायचे. सख्खे भाऊ, एकाच घरात. कुंपणाच्या खांबावरून भांडले आणि पुढे मरेपर्यंत बोलले नाहीत. मी गेले की ॲलेक पुढच्या खोलीत चहा द्यायचा आणि ह्यूई स्वयंपाकघरात. दोन्हीकडे प्यावा लागायचा. एकाकडचा राहिला तर महिनाभर रुसवा. ॲलेक गेला तेव्हा ह्यूईने मला काय विचारलं माहितीये? 'नर्सबाई, आता त्याच्याही खोलीत चहा देत जाऊ का?'"

घराच्या जागी आता चौथरा होता आणि त्याच्या मधोमध एक बर्चचं झाड.

"तिथे वर मेरी बेल. तिला काहीच झालेलं नसायचं. एकटी असायची. मी आठवड्यातून एकदा तिचं ब्लडप्रेशर बघायचे आणि ती मला काकवीचा गरम ब्रेड द्यायची. तिच्या कागदांवर मी दर वेळी काय आजार लिहू, हेच कळायचं नाही मला."

"काय लिहायचात?"

"लिहायचे, 'पुन्हा येणे आवश्यक'."

लॉकी हसला. गाडी एका मोकळ्या जागेपाशी आली. सफरचंदाची रानटी झालेली दोन झाडं, बाकी गवत. सेडीबाईंनी गाडी थांबवली, पण उतरल्या नाहीत.

"इथलं बाळ मला नाही वाचवता आलं," त्या म्हणाल्या. "मुलगी होती. त्या बाईने मला काही म्हटलं नाही. उलट जाताना माझ्या हातात सफरचंदांची पिशवी दिली. मी ती घेतली, लॉकी. नाही म्हणता येईना."

मग त्याच्या स्वतःच्या मनात कित्येक वर्षं असलेली एक गोष्ट बाहेर आली.

"माझे वडील शेवटच्या हिवाळ्यात आजारी होते ना, छाती भरलेली. तुम्ही रोज यायचात. घरातून निघालात तरी लगेच गाडी सुरू करायचा नाहीत. बराच वेळ बसून राहायचात आमच्या दारात. मी वरच्या खिडकीतून बघायचो. मला वाटायचं, बाई औषधांचा हिशेब लावतायत."

"औषधांचा कसला हिशेब! ओटची बिस्किटं खायचे. सकाळपासून पोटात काही नसायचं." सेडीबाईंनी रुमालाची गाठ चाचपली. "आणि रडायचे. तुझा बाप माझ्या वडिलांबरोबर खाणीत होता."

"दोन्ही एकदम?"

"मग? नाहीतर पुढच्या घरी पोचायला उशीर व्हायचा ना!"

लॉकी खाली उतरला. पाय मोकळे करायचं निमित्त होतं, पण खरं तर त्याला डोळे पुसायचे होते. "तुम्ही गाडी वळवून आणा तोवर," तो म्हणाला. सेडीबाई पुढच्या रुंद जागेपर्यंत गेल्या, खड्ड्यांतून दणदणत वळून परत आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "एवढे धक्के बसले, पण नाही पेटला."

लॉकी आत बसला. दार लावलं. गाडी पहिल्या खड्ड्यात उतरली आणि दिवा पेटला.

लॉकीने हळूच आपलं बूड सीटवरून उचललं. दिवा विझला. तो खाली बसला. पेटला.

"नर्सबाई," तो सावकाश म्हणाला, "पूर्वी या सीटवर कोण बसायचं?"

"कुणी नाही. माझी बॅग. आणि बाळाचं वजन करायचा काटा."

"आणि रविवारी?"

"रविवारी थेरेसा. तिचे गुडघे गेलेत, म्हणून दोनेक महिने मीच तिला चर्चला..." त्या थांबल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे देवा! थेरेसा!"

"थेरेसा."

"तिला सांगू नकोस हं लॉकी. तिने नुकतंच केक खाणं सोडलंय."

दोघं इतकी हसली की सेडीबाईंना गाडी कडेला घ्यावी लागली.

शेडमध्ये आल्यावर लॉकीने सीटचे बोल्ट सोडले. ते गंजून असे बसले होते की केटी अॅनला पान्याच्या दुसऱ्या टोकाला लटकावं लागलं. सीट उचलली तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं. सीटखालची एक स्प्रिंग तुटून खाली लोंबत होती. कुणी बसलं की तिचं टोक गालिच्यात रुतायचं, आणि गालिच्याखालून हँडब्रेकची वायर गेली होती. त्या ठिकाणी तिच्यावरचं प्लास्टिक घासून निघालं होतं आणि नखाएवढं तांबं चकचकत होतं. लॉकीने बोटाने स्प्रिंग त्या तांब्यावर दाबली. डॅशबोर्डवर दिवा पेटला. बोट काढलं, विझला.

"एवढंच?" केटी अॅन म्हणाली. "एवढ्याशा जागेसाठी आठवडाभर चर्चच्या वाऱ्या केल्यास?"

सेडीबाईंचं मात्र वायरीकडे लक्ष नव्हतं. सीटखाली जे काही साठलं होतं ते त्या वाकून बघत होत्या. पेपरमिंटच्या गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या. सेफ्टीपिना. तुटका थर्मामीटर. पेन्सिलीचा तुकडा. आणि लहान मुलाचा एक लाल लोकरी हातमोजा, धुळीने करडा झालेला.

त्यांनी तो उचलून झटकला.

"हा रँडलचा. डोंगरामागच्या रँडलचा. घटसर्पासारखं काहीतरी झालं होतं, श्वास लागेना. इस्पितळापर्यंत मांडीवर घेऊन नेला त्याला त्याच्या आईने, मागच्या सीटवर. मोजा हरवला म्हणून इस्पितळात रडत होता. श्वास घ्यायला येत नव्हता, पण मोज्यासाठी रडत होता. तेव्हाच कळलं मला, की हा जगणार."

"कुठे असतो आता?" लॉकीने विचारलं.

"अल्बर्टात. पाच पोरं आहेत. नाताळला कार्ड येतं." त्यांनी मोजा कोटाच्या खिशात ठेवला आणि वर हात दाबून धरला.

लॉकीने वायरीचा उघडा भाग टेपने गुंडाळला, वर रबराची नळी चढवली आणि वायर सीटपासून लांब, पायरीच्या कडेने फिरवून घेतली. तुटकी स्प्रिंग वाकवून तारेने बांधून टाकली. भांड्याची आणि खटक्याची वायर पुन्हा जागेवर लावली. मग हँडब्रेक ओढून बघितला, दिवा पेटला. सोडला, विझला. आता दिवा कामापुरताच बोलत होता.

सेडीबाई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. केटी अॅन चहा आणायला घरात गेल्यावर त्या म्हणाल्या, "ब्लेअरने फोन केला होता ना तुला?"

लॉकीचा हात थांबला. "हो."

"वाटलंच. दिवस लागत गेले तसं मला वाटायला लागलं, लॉकीने त्याचं ऐकलं. आणि तुझ्यावर रागावताही येईना. तू वाईटासाठी नसतं ऐकलंस."

"विचार आला होता मनात," लॉकी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आज मी गाडीबरोबर तुम्हालाही तपासत होतो."

"माहितीये मला. हरणाच्या वेळी मुद्दाम नीट चालवली मी."

"आणि एरवी?"

"एरवी यापेक्षा जोरात चालवते."

त्या संध्याकाळी लॉकीने हॅलिफॅक्सला फोन लावला. एक वायर घासली होती, ती दुरुस्त केली, ब्रेक उत्तम आहेत, असं त्याने सांगितलं. मग लॉकी म्हणाला, "हे बघ पोरा, तुझी काळजी मला समजते. गाडीचं मी बघतो. बाईंचंही आम्ही बघतो. रोज सकाळी केटी अॅन त्यांना फोन करेल. लागला नाही तर मी ट्रक काढून वर जाईन. बर्फ असलं तरी जाईन. पण तू त्यांना जबरदस्तीने नेऊ नकोस. त्यांना यायचं असेल तेव्हा त्या सांगतील."

"ती सांगणार नाही," ब्लेअर म्हणाला.

"तुला नाही सांगणार कदाचित."

ब्लेअर हसला, आणि तो हसला तसा लॉकीला हलकं वाटलं.

पासिंगच्या दिवशी सेडीबाईंनी थेरेसाला मुद्दाम शेजारी बसवून नेलं. इन्स्पेक्टर नवा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने ब्रेक बघितले, दिवे बघितले आणि काचेवर नवा स्टिकर लावला. "गाडी म्हातारी आहे, पण ठणठणीत आहे," तो म्हणाला. थेरेसा म्हणाली, "तुम्ही कोणाविषयी बोलताय ते स्पष्ट सांगा."

त्यानंतर सेडीबाईंनी बरेच हिवाळे ती गाडी चालवली. केटी अॅनचा सकाळचा फोन कधी चुकला नाही, आणि एका वादळात लॉकीला खरंच ट्रक काढून वर जावं लागलं. बाई चुलीपाशी विणत बसल्या होत्या. फोनची तार तुटली होती, बस्स. "आलाच आहेस तर लाकडं आत आण," म्हणाल्या.

शेवटी गाडीच आधी थकली. मिठाने तळ खाल्ला, पायाखालून रस्ता दिसायला लागला. ती ओढून न्यायला माणूस आला तेव्हा सेडीबाई बाहेर आल्या नाहीत. ब्रेड चुलीत होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. लॉकीनेच नंबरप्लेट काढून घेतली आणि त्या गाडीला अंगणातून वळणापर्यंत निरोप दिला. तिचा आवाज आता नव्हताच, नुसत्या साखळ्या वाजत होत्या.

हॅलिफॅक्सला मात्र त्या गेल्या नाहीत. मंगळवारी दुकान आणि रविवारी चर्च, लॉकीचा ट्रक जातो डोंगरावर. सेडीबाई मांडीवर पर्स ठेवून शेजारी बसतात, दाराची मूठ घट्ट धरतात आणि खडी सुरू झाली की बोलायला लागतात. कुणाच्या घरी कोण जन्मलं, कोण कुठे गेलं, कुणाकडचा चहा पाणचट असायचा. लॉकीला आता ती सगळी घरं पाठ झाली आहेत, जी नाहीत तीसुद्धा.

"उजवीकडे घे, खड्डा आहे," त्या म्हणतात.

"दिसला, नर्सबाई."

"दिसला तर मग त्यातच का घातलीस?"